दादर वजा करून उरलेली पॅसेंजर

रेल्वे गाडी बंद करत नाही. बंद केली की निवेदनं येतात, रेल रोको होतो. त्यापेक्षा गाडीचं डोकं उडवायचं आणि धड धावत ठेवायचं. 2020 च्या टाळेबंदीत दादर–रत्नागिरी पॅसेंजर थांबली. करोना ओसरल्यावर परत आली ती दिव्यातून. वेळापत्रकात गाडी चालू, मुंबईतून तेवढी गायब.

आम्हा नाहूरकरांनी खरं तर पेढे वाटायला हवेत. दादर उलट्या दिशेला. दिवा काय, मुलुंड-ठाणे-कळवा-मुंब्रा झालं की आलंच. आमच्याकडे धीमी लोकलच थांबते, ती दिव्यालाही थांबते. अंतर वाचलं! परतताना तांदळाची गोण, नारळ, फणस आणि गुडघे धरून चालणारी आजी दिव्याला उतरवायची आणि कल्याणहून भरून आलेल्या लोकलमध्ये कोंबायची, एवढंच. फणसाला दारात उभं राहता येत नाही, आजीला आत शिरता येत नाही.

कारण काय सांगितलं? ही गाडी उशिरा येऊन लोकलचं वेळापत्रक बिघडवते. बरं. पण 18 फेब्रुवारी 2022 ला ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं उद्घाटन झालं. लांबच्या गाड्यांनी लोकलच्या वाटेत येऊ नये म्हणूनच सुमारे 620 कोटी ओतले. ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत अशी वेगळी वाट आधीच होती. तरी पॅसेंजर दिव्यातच. दादरहून मात्र गोरखपूर, बलियाच्या गाड्या सुटू लागल्या. त्या प्रवाशांशी भांडण नाही, गाव त्यांनाही आहे. पण त्यांच्या गाडीला उशीर झाला तर लोकल बिघडत नाही आणि आमच्या गाडीने बिघडते, हे भौतिकशास्त्र कुठल्या इयत्तेत शिकवतात?

भाड्याचं तेच. करोनात पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपयांवरून 30 वर गेलं, ते खाली यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. चढताना सुपरफास्ट, उतरताना पॅसेंजर.

दाद कुठे मागायची? रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे, अलीकडे मध्य रेल्वे; तक्रार दोघांच्या मधल्या सिग्नलला उभी. कोकण रेल्वे महामंडळ उभारताना महाराष्ट्राने 22 टक्के वाटा उचलला होता. 22 टक्क्यांत दिवा मिळतो. दादरला बहुधा 23 लागतात.