मुकादमाच्या हाताखाली बागकाम

नोकरीनिमित्त मैसूरला बिऱ्हाड हलवलेल्या, अंगणात चार वाफ्यांची जागा पाहून हुरळलेल्या आणि घरात पाच ते दहा वयाचं मूल असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. मूल नसलेल्यांनी सरळ एखादी बागकामाची पुस्तिका आणावी. त्यांचं सगळं पुस्तकाबरहुकूम होईल.

साहित्य: लाल माती (अंगणात आहेच, आठवड्याभरात सोफ्यावरही येईल), शेणखत, खुरपं, झारी, बिया आणि एक मूल. मूल हुकूम सोडणारं असावं. आणलंत तेव्हा नसेल तर घाबरू नका, सहा महिन्यांत होतं. कारण असं की कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकवणं सक्तीचं झालं आहे. तुम्ही कंपनीत इंग्रजीवर भागवता, बाजारात हिंदी ताणता, आणि ‘स्वल्प’ या एका शब्दावर वर्षं काढता. पोरगी मात्र पहिल्याच सहामाहीत रिक्षावाल्याशी भांडायला लागते. मग नर्सरीत घासाघीस ती करते, माळ्याला बोलावते ती, दूधवाल्याचा निरोप घेते ती. सात वर्षांच्या माणसाच्या हाती घराचं परराष्ट्र खातं गेलं, की गृह आणि अर्थ ही खाती फार दिवस तुमच्याकडे राहत नाहीत.

नवशिक्यांनी याचा अनुभव माळ्यापासून घ्यावा. तुम्ही विचारायचं, ‘मोगरा कुंपणाजवळ लावला तर चालेल का?’ पोरगी कन्नडमध्ये काहीतरी विचारते. माळी मातीत बोट खुपसून, उन्हाची दिशा दाखवून, दोन मिनिटं मन लावून बोलतो. पोरगीही मान डोलावते, मध्येच एक प्रश्न टाकते, दोघं हसतात. मग ती तुमच्याकडे वळून म्हणते, ‘नको म्हणतोय.’ यावर अपील नाही. खड्डा जिथे ती बोट दाखवेल तिथे घ्यावा.

वेळ: मृगाची वाट पाहू नये. सांगलीहून आजी फोनवर विचारील, ‘मृग निघाला का गं?’ त्यांना सांगावं की इथे एप्रिलमध्येच वळीव कोसळायला लागतो, मे महिना वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक असतो, आणि तसाच जोर पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात. जून-जुलै त्या मानाने भुरभुरता. आजींना हे पटणार नाही. आग्रह धरू नये.

पेरणी: पहिलं पीक म्हणून घट बसवावेत, म्हणजे मुलाला आत्मविश्वास येतो. मैसूरला त्याच दिवसांत घरोघर गोंबे, म्हणजे बाहुल्यांची आरास मांडतात. पायऱ्यांवर राजा-राणी, खाली वाण्याचं दुकान, आणि पुढ्यात नाचणी नाहीतर मेथी पेरून केलेली इवलीशी हिरवी बाग. शेजारची ती बाग पाहून आलेली पोरगी आपल्या घटाजवळ प्लॅस्टिकचा हत्ती आणि दोन जिराफ आणून ठेवते. ठेवू द्यावेत. देवीची हरकत नसते.

मात्र इथेच एक धोका आहे. घटातलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, आणि मुकादमाची समजूत होते की हीच बागकामाची रीत. दसरा झाल्यावर तिने लावलेल्या भेंडीला तोच हिशोब लावला जातो. भेंडीला पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत दीड-दोन महिने लागतात, हे तुम्ही सांगून पाहावं. ती रोज संध्याकाळी बी उकरून पाहते, दम भरते, पुन्हा पुरते. घरातली माणसं, कामवाली मावशी, कुत्रा, सगळे तिचं ऐकतात. भेंडी ऐकत नाही. माझ्या मते अंगणात चार वाफे असण्याचा खरा उपयोग एवढाच आहे. आमच्या घरात तिच्यापुढे ताठ मानेने उभी राहिलेली पहिली व्यक्ती म्हणजे ते भेंडीचं रोप.

कीड आणि रोग: यात वेळ फार जातो, म्हणून नीट वाचा. कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी दिसेल. ते पुसायला जाऊ नका, ती अळी आहे. काही दिवसांत ती हिरवीगार, गुबगुबीत होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हे मुलाने एकदा पाहिलं की कढीपत्ता तुमचा राहिला नाही. ‘फुलपाखरू होणार आहे, हात लावायचा नाही,’ असा कागद झाडाला लागतो आणि फोडणीला बाजारातून जुडी आणावी लागते.

तुम्ही वाद घालाल. घालू नका, तिची तयारी झालेली असते. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पोसतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. आपली अळी बहुधा साध्या कॉमन मॉरमॉनची असते, पण ‘बहुधा’वर तिचा विश्वास नाही. ‘आपल्या राज्याचं फुलपाखरू मारणार तू?’ असा प्रश्न सकाळी सव्वासातला, हातात झारा असताना आला की उत्तर सुचत नाही. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू वेगळं आहे, सदर्न बर्डविंग, आणि त्याच्या अळ्या कढीपत्ता खात नाहीत. तेव्हा सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होवो, कढीपत्त्यापुरतं तरी मी कर्नाटकाच्या बाजूने आहे.

गोगलगायींना मात्र अभय नाही. ही मोठी आफ्रिकन जात 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने कलकत्त्याच्या बागेत सोडली, आणि पावसात ती आता आपल्या पालकावर असते. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचाव्यात. टॉर्च मुकादम धरते, वेचता तुम्ही.

साप दिसला तर काठी शोधू नये. लांब उभं राहून सर्पमित्राला फोन करावा. नंबर तुमच्याकडे नसेल, पोरीकडे असतो.

भोपळा: हा लावावा लागत नाही. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 73 शहरांत मैसूर पहिलं आलं, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याबाबत इथलं मूल तुम्हाला बोलायला जागा ठेवत नाही. केळीची साल चुकीच्या बादलीत पडली की तुम्हाला बोलावून ती उचलायला लावतात. त्यातून घरी खताचा खड्डा होतो, आणि काळजीपूर्वक पेरलेल्या वाफ्यात काही उगवत नसताना त्या खड्ड्यातून भोपळ्याचा वेल बाहेर येऊन कुंपण, दोरी आणि स्कूटर व्यापतो. सुरुवातीला फुलंच फुलं आणि फळ एकही नाही. ती सगळी नरफुलं असतात. मादीफूल मागाहून येतं, खाली बारकं भोपळं घेऊनच. पहाटे उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर नरफूल तोडून मादीफुलावर टेकवावं. कशाला, हा प्रश्न येईल. मी ‘बाबाला विचार’ असं सांगते.

मुकादमाला आवर घालणे: पालकत्वाची पुस्तकं म्हणतात, मुलाला हुकूम देऊ नका, दोन पर्याय द्या. आम्ही दिले. ‘आधी टोमॅटोला पाणी घालणार की मिरचीला?’ उत्तर आलं, ‘बाबा, तू टोमॅटोला घाल. आई, तू मिरचीला.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगायणच्या चिण्णर मेळ्याला पाठवावं, असंही कुणी सुचवेल. ब. व. कारंतांनी 1989 मध्ये उभी केलेली ही नाट्यसंस्था, तिचं मुलांचं शिबिर नावाजलेलं आहे. जरूर पाठवा. फक्त मूल नाटक शिकून परत येतं, म्हणजे आता हुकमाला हातवारे आणि खणखणीत आवाजही असतो. त्यापेक्षा तिला तिचा स्वतंत्र वाफा द्यावा आणि तिथे पाय ठेवू नये. त्यात पीक येत नाही, पण तिचं तास-दीड तास तिकडे लक्ष असतं आणि तेवढ्यात तुमचं खुरपून होतं.

दसऱ्यात कुप्पण्णा पार्कात फलपुष्प प्रदर्शन भरतं, तिथे तिला न्यावंच लागेल. सकाळी जा. संध्याकाळी पॅलेसच्या दिव्यांसाठी निघालेली गर्दी रस्त्यात भेटते. आणि घरात रिकाम्या कुंड्या किती आहेत ते निघण्याआधी मोजून घ्या, कारण तिथे पोचल्यावर ती विचारते आणि रोपं त्या हिशोबानेच घेतली जातात.