एकटेच का?

गृहस्थाश्रमी मनुष्यास एकट्याने प्रवास करण्याचा योग बहुधा दुसऱ्याच्या लग्नामुळे किंवा आजारपणामुळेच येतो. त्यामुळे गेल्या ज्येष्ठात एक लग्न उरकून आणि कुटुंबास चार दिवस माहेरी ठेवून मी दादरला पुण्याच्या गाडीत चढलो, तेव्हा माझी मुद्रा नुकतीच जहागीर बहाल झालेल्या सरदारासारखी झाली असावी. वळकटी नव्हती, फिरकीचा तांब्या नव्हता, ‘कुलूप ओढून पाहिलंत का?’ हा सवाल नव्हता. वाट चुकली तर साक्षीदार नाही, आणि हमालाशी घासाघीस ऐन रंगात आली असता ‘जाऊ द्या हो, दोन आण्यांनी काय होतंय’ म्हणून विरुद्ध पक्षाची वकिली करणारेही कोणी नाही! मांडीवर मासिक होते, शेजारी खिडकी होती आणि मनात, ‘तेल कसलं असेल कोण जाणे’ या एका वाक्यावर आजवर मला नामंजूर होत आलेला कर्जतचा बटाटेवडा होता.

कल्याणला सात माणसांचे एक बिऱ्हाडच डब्यात शिरले. त्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळून ‘एकटेच का?’ असे विचारले, आणि मी साभिमान होकार दिला. तो होकार म्हणजे कोऱ्या कागदावरची सही होती. बाळाला खिडकी हवी होती, आजींना पाय पसरायचे होते, आणि ‘तुम्ही काय, एकटेच’ या न्यायाने माझी वहिवाट अशी आक्रसत गेली की नेरळ येईतो मी दाराशी स्वतःच्या पिशवीवर बसलो होतो. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे निघताना गोडसे भटजींनी काकांना बरोबर घेतले होते, ते उगीच नव्हे.

कर्जतला गाडी थांबते ती वास्तविक इंजिनासाठी. पुढचा बोरघाट सदतीस फुटांमागे एक फूट चढतो, आणि हा चढ एकट्याच्या बळावर चढण्याची हौस इंजिनालाही नसल्यामुळे मागून ढकलण्यास जादा इंजिने जोडतात. मी उठणार, तोच ‘सामानाकडे जरा बघा हं, एकटेच आहात ना!’ असे फर्मावून सातही जण खाली उतरले. दोन ट्रंका, तीन वळकट्या, लोणच्याची बरणी, सुरई आणि एक अगडबंब फणस यांचा मी बिनपगारी जामीन झालो. समोर फलाटावर त्यांचे जावईबापू वडा मधोमध फोडून, त्यातून निघणाऱ्या वाफेवर फुंकर घालून, मिरचीचा तुकडा दाताखाली धरून हा-हू करीत होते. मी खुणा केल्या. सामान सुखरूप असल्याचे मी कळवीत आहे अशा समजुतीने त्यांनी मान डोलावली.

शिटी झाली, मंडळी परतली, मागच्या इंजिनांचा धक्का बसला आणि फणस माझ्या पायावर आला. तो उचलून घेत आजी मायेने म्हणाल्या, “तुम्हांलाही आणला असता हो, पण म्हटलं, एकटा माणूस, त्याला काय, कुठंही मिळतं!”