नेटवर्क ॲम्प्लिफायरच्या निर्मात्यांस अनावृत पत्र

प्रति,
घरगुती नेटवर्क ॲम्प्लिफायरचे समस्त मान्यवर निर्माते

विषय : इंटरनेटवाचून ॲम्प्लिफायर वाजण्याबाबत

नेटवर्क ॲम्प्लिफायरला वीज लागते, स्पीकर लागतात आणि गाणे लागते. इंटरनेट लागतेच असे नाही, ही किरकोळ बाब माहितीपुस्तिकेत नजरचुकीने राहून गेली असावी. कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसांत ती पहिल्या पावसातच उमगते. झाड पडून फायबर तुटते, डोंगराआड मोबाइलची रेंज जाते, आणि मुंबईहून मिरवत आणलेले यंत्र दिवा लुकलुकवत ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणत बसते.

वास्तविक घरातले नेटवर्क वेगळे आणि इंटरनेट वेगळे. बाहेरची जोडणी तुटली तरी चालू राउटर १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरातल्या उपकरणांना वाटतच राहतो. लॅपटॉपवर डीएलएनए सर्व्हर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून गाणी पुरवणारा प्रोग्रॅम, चालू असेल, तर त्यातली गाणी ॲम्प्लिफायर थेट वाजवतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट पुरतात. साध्या वायफायला ते मुळीच जड नाही. राउटरही नसेल तर पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, नाहीतर ऑक्सची वायर. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला बरा. एनटीएफएस काही यंत्रांना पचत नाही. खरोखर बंद पडतात ते इंटरनेट रेडिओ, स्ट्रीमिंग सेवा आणि अपडेट.

पुष्कळदा गोम फोनमध्ये असते. वायफायला इंटरनेट नाही असे दिसताच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि ॲम्प्लिफायर हाताळायच्या ॲपला हातभर अंतरावरचा ॲम्प्लिफायर दिसेनासा होतो. डेटा बंद करताच तो हजर!

काही यंत्रे मात्र जात्याच मानी. आधी खाते उघडा, ईमेल द्या, मग आवाज. अशांची पहिली जोडणी राउटरसकट मुंबईतच उरकलेली बरी. याच कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवल्या, १९२२मध्ये भिवपुरीची भर पडली. त्या विजेने एकाही गिरणीकडे पासवर्ड मागितल्याची नोंद नाही. घाटाखालून मुंबईला वीज गेली, मुंबईहून घाटाखाली लॉगिन आले, असा हा व्यवहार.

सबब नम्र विनंती की, इंटरनेट नसताना काय चालते आणि काय नाही, हे खोक्यावर ठळक मराठीत छापावे, आणि पहिल्या जोडणीसाठी खात्याची अट काढून टाकावी. कळावे.