भोकाचं इंजिनिअरिंग
स्लॉट कारच्या, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाडीच्या, चॅसीतलं एक्सलचं भोक झिजून लंबगोल झालं की सुज्ञ माणूस नवी चॅसी मागवतो. मी सुज्ञ नाही, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आजच्या बहुतेक १:३२ गाड्यांचा एक्सल ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिलिमीटर जाडीचा. हा आकडा मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो आणि डिजिटल व्हर्निअर काढून सिद्धही करून दाखवतो. आमची ही म्हणाली, ‘‘अहो, एवढं भोक तर मी दाभणानं पाडून दिलं असतं.’’

तिला काय सांगणार! प्लॅस्टिकच्या भोकात पोलादी एक्सल गरगरत राहतो, त्यात तेल आणि धूळ मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. भोक ढिलं झालं की क्राउन गिअर मोटरच्या पिनियनपासून सरकतो, दात घसरतात आणि गाडी पळते कमी, किंचाळते जास्त. उपाय पितळी बुश, म्हणजे भोकात बसवायची छोटी नळी. पण थेट ड्रिल घातलं तर ते झिजलेल्या बाजूलाच पळतं. म्हणून आधी सुपरग्लू आणि खायचा सोडा घालून भोक बुजवायचं, (सोड्याचा डबा परस्पर उचलू नये) मग हातानं, बारीकपासून मोठ्या ड्रिलपर्यंत जायचं. शिवाय पुढच्या एक्सलचं भोक मी मुद्दाम उभं लांबवतो, म्हणजे पुढची चाकं वरखाली होतात आणि गाइड, म्हणजे गाडीखालचा खुंट, ट्रॅकच्या खाचेत पक्का बसतो. थोडक्यात, मागचं लंबगोल भोक हा रोग, पुढचं लंबगोल भोक ही सुधारणा.

आम्ही पोर्ट्समथला राहतो, आणि शेजारच्या हॅव्हंटशी या खेळाचं नातं आहे, हे ऐकल्याशिवाय माझ्या घरातून कोणी सुटत नाही. पुढे हॅव्हंटला कारखाना थाटणाऱ्या मिनीमॉडेल्स कंपनीच्या फ्रेड फ्रान्सिसनं १९५२ साली ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या गाड्या काढल्या. चावी मात्र दिसायचीच नाही! गाडीच्या पोटाखाली एक पाचवं चाक लपवलेलं. गाडी दाबून मागे ओढली की त्या चाकानं स्प्रिंग गुंडाळली जायची. पाचवं चाक! चार चाकांत माझं आयुष्य चाललंय, आणि या गृहस्थानं पाचवं लपवून ठेवलं. पुढे त्यानं पत्र्याच्या गाड्यांत विजेची मोटर बसवली, १९५७ च्या हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडली आणि पुढच्याच वर्षी सगळा धंदा लाइन्स ब्रदर्सना विकून तो मोकळा झाला. मी अजून अडकलेलोच आहे.

राग येतो तो ‘नवी घे ना’ म्हणणाऱ्यांचा. जुन्या बाजारात मी साठच्या दशकातली एक गाडी घेतली. मागच्या भोकात कुणीतरी बॉलपेनच्या पितळी रिफिलचा तुकडा कापून बसवलेला. एका बाजूला चोख, दुसऱ्या बाजूला तिरका, वर डिंकासारखं काहीतरी थापलेलं. काम बहुधा एखाद्या पोराचं असावं आणि चोख बाजू त्याच्या बापाची, किंवा उलटही. कुणालातरी ती गाडी फेकवली नाही, एवढं नक्की. माझं व्हर्निअर सांगतं, तिरका तुकडा बदलायलाच हवा. मी बदललेला नाही. ती गाडी शर्यतीत हरते आणि मी तक्रार करत नाही.

तुम्ही बुश बसवाल तेव्हा दोन्ही भोकांतून एक लांब, सरळ सळई घालून मगच चिकटवा, आणि सळईला आधी तेलाचं बोट लावा. नाहीतर सळईसुद्धा चॅसीची कायमची सभासद होते.