वेल्लोरची जोडी आणि जामखेडची गोधडी

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाजवळ. मीच आले असते, पण हात मिरचीचे आहेत. या वर्षी मार्केटातून जरा जास्तच आणली यांनी, देठं खुडून खुडून बोटं नुसती भगभगताहेत. ते जाऊ द्या. ऐकलंत का तुम्ही? रविवारचं? कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं गेट-टुगेदर हो! आम्ही दोघंही गेलो होतो. शेवभाजी झाली होती झकास, मांडेही होते, पण तुपाच्या बाबतीत जरा... असो, जेवणाचं नंतर सांगते.

तर अध्यक्ष बोलायला उठले. कोण ते तुम्हाला ठाऊकच आहे, नाव कशाला घ्यायचं. पुण्यात फ्लॅट, सुरतला फ्लॅट, मुलगा कॅनडात. म्हणतात कसे, "आधी करिअर, मग देवधर्म, आणि रिटायर झाल्यावर समाजसेवा, असा माझा प्लॅन आहे." टाळ्या! पुढच्या रांगेतून जरा जास्तच, तिथे त्यांचेच साडू बसले होते ना. आणि तेवढ्यात मागून सायन्सच्या बाई उठल्या. त्या हो, चष्म्याला दोरी लावतात त्या. माइक नाही, काही नाही. म्हणाल्या, "आणि ज्यांनी तिन्ही एकदमच सुरू केलं त्यांचं काय? आरोळ्यांचं?" माय वं! अध्यक्षांचा चेहरा असा काही उतरला... मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर फसकन हसलेच असते.

आरोळे म्हणजे जामखेडचे हो. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल. हे नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, मास्तरांच्या घरातले. त्या जबलपूरच्या, वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कॉलेजात प्रोफेसर. दोघं भेटले वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात, आणि जमलं. १९६० साली लग्न झालं आणि त्याच दिवशी दोघांनी शपथ घेतली, की ज्यांना कोणी विचारत नाही अशा खेड्यातल्या लोकांसाठी उभा जन्म द्यायचा. लग्नाच्या दिवशी! आपल्याकडे त्या दिवशी व्याह्यांना टोपी-टॉवेल मिळाला नाही म्हणून मांडवात तोंडं फिरलेली असतात. मागे आमच्या चुलत नणंदेच्या लग्नात तर... नको, ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल.

तर काय सांगत होते, वेल्लोर. ते कॉलेज आयडा स्कडर नावाच्या बाईंनी उभं केलं. मिशनऱ्याची मुलगी, इथे राहायचंच नव्हतं तिला. पण एका रात्री तीन नवरे पाठोपाठ दारात आले, तिघांच्याही बायका अडलेल्या, आणि पुरुष डॉक्टर एकालाही चालेना. तिन्ही बायका गेल्या. मग ही अमेरिकेत जाऊन डॉक्टर होऊन आली. १९१८ साली तिनं मुलींसाठी मेडिकलचं शिक्षण सुरू केलं. मुलांना पुढे १९४७ पासून घ्यायला लागले. तिथलं ब्रीदच असं आहे, की सेवा करून घ्यायला नाही, करायला आलोय. बायबलातलं आहे म्हणे. आता ब्रीद काय, आपल्या शाळेच्या भिंतीवरही होतं. आपण त्याच्याखाली बसून चिंचा खाल्ल्या. या दोघांनी मात्र ते मनावर घेतलं.

आधी नगरकडेच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात राबले. वेल्लोरच्या माजी विद्यार्थ्यांना खेड्यातल्या कामासाठी पॉल हॅरिसन पुरस्कार मिळतो, तो १९६६ साली यांना मिळाला. आपल्या अध्यक्षांना रविवारी शाल मिळाली, तीही बहुतेक... बरं, नाही बोलत. पण वडाळ्यात यांच्या लक्षात आलं, की पेशंट बरा होऊन घरी जातो आणि तेच दुखणं घेऊन परत येतो. पाणी घाण, पोट रिकामं, तर औषध तरी किती पुरणार? म्हणून दोघं अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले. लोक तिकडे गेले की तिकडचेच होतात, हे १९७० साली जामखेडला येऊन बसले. जामखेड तेव्हा कसलं, नुसता दुष्काळी मुलूख! हजार बाळं जन्मली की त्यातली १७६ वर्षाच्या आत दगावायची.

खरी मजा पुढेच आहे. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात ठेवून पाहिल्या. त्या काही टिकेनात, आणि गावच्या बायका त्यांचं ऐकेनात. मग एका सरपंचानंच सुचवलं म्हणे, आमच्या गावची बाई तयार करा. आणि आरोळ्यांनी निवडल्या कोण? पाटलीणबाई नाही हो! अंगठा उठवणाऱ्या, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. गावोगावच्या पुढाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, डोळ्यांसमोर आणा. त्या बायकांनाही घाम फुटला, आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय डॉक्टरकी करणार! पण शिकल्या. बाळंतपण, मुलांची वजनं, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सगळं.

आणि गोधडी! हे तर बाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. जामखेडला शिकायला आलेल्या बायकांना रात्री पांघरायला काय, तर सगळ्यांत मिळून एकच भली मोठी गोधडी. मराठ्यांची, महारामांगांची, सगळ्या एकीखाली. थंडीचे दिवस असले की काय करणार, सरकाच जवळ! मला विचाराल तर जात मोडायला दहा भाषणांपेक्षा ही गोधडी भारी.

पाण्याचंही तसंच. ७२च्या दुष्काळात बोअर घ्यायचे होते. तर जागा ठरवणाऱ्याशी आधीच संगनमत, की पाणी दलित वस्तीतच 'लागायला' हवं. लागलं! मग काय, वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन त्या हापशावर रांगेत. विटाळ आठवत होता, पण तहान त्याहून मोठी. मला तर ही लबाडी फारच आवडली. सरळ विनवलं असतं तर जन्मात गेल्या नसत्या.

किरिस्ताव डॉक्टर म्हटलं की लोकांना पहिली शंका येते ती बाटवाबाटवीची. आमच्या यांनीही रविवारी कानात तेच विचारलं. अहो, आपल्या सुरत लाइनवर चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल आहे, तिकडे जाताना नाही विचारत कोणी! आरोळ्यांनी श्रद्धा लपवली नाही. ती कामातूनच दिसायची.

जामखेडला शिकलेल्या त्या बायकांतल्या मुक्ताबाई पोळ ठाऊक आहेत ना? १९८८ साली वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या. वर झगमगीत झुंबरं. त्यांच्याकडे बघून बाई म्हणाल्या, डॉक्टर असे असतात, देखणे पण महाग, आणि हाताला न लागणारे. मग पर्समधून दोन पणत्या काढल्या, एक पेटवली, आणि म्हणाल्या, मी ही अशी. हिच्यावर दुसरी लावता येते. सांगताना आपल्या बाईंचा आवाज जरा... आणि हॉलमध्ये चमचा वाजेल तर शपथ.

मॅगसेसे मिळालं १९७९ साली, दोघांना मिळून. रजनीकांतांना १९९० मध्ये पद्मभूषण. बालमृत्यू नव्वदीत तिशीच्या आत आले. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. पुढे मुलगी शोभाताई आणि मुलगा रवी यांनी काम धरलं. आणि आपल्या गल्लीत त्या आशाताई येतात ना, २००५च्या सरकारी योजनेतल्या, ती योजना आखताना जामखेडचंच काम समोर होतं, सल्ला द्यायला आरोळे स्वतः होते. बाई हे म्हणाल्या तेव्हा अध्यक्षीणबाईंनी मान खालीच घातली. कारण मागच्या पोलिओच्या वेळी आशाताईला त्यांनी पायरीवर उभं ठेवलं होतं, भर उन्हात. सगळ्या गल्लीनं पाहिलं. मी तर गॅलरीतच होते.

बरं, परवा ती तुमच्या सुनेचं कार्ड भरायला येणार आहे. तिला आत बोलवा हो, पंख्याखाली बसवा, पाणी द्या. आणि बाई गाडी करून जामखेडला जायचं म्हणताहेत. दोन सीट रिकाम्या आहेत. एका सीटवर मी नाव टाकलंय. दुसरीवर तुमचं टाकू का?