घरातलीच गाडी

(स्थळ : बंगळुरूतलं जयनगर. फाटकाशी एमएच-09 पाटीची, 2012 सालची हॅचबॅक. ती चालवत कोल्हापुराहून आलेला मामा सोफ्यावर. समोर 17 वर्षांची भाची, मांडीवर वही.)

मामा : घरातलीच गाडी हाय म्हणून तुला देतोय. भाईर कुणीबी दोन लाख देईल. तुला दीड.

भाची : माझं सगळं मिळून बजेट दीड आहे, मामा. गाडी ही त्यातली एक ओळ.

मामा : एवढं पैसं आलं कुठनं?

भाची : खालच्या मजल्यावरच्या दोघांना गणित शिकवते, ते पैसे आरडीत जातात. आजी वाढदिवसाला नोट देते, ती आधी आई ‘ठेवायला’ घ्यायची. दहावीपासून मीच ठेवते. शिवाय भाऊबीजेची ओवाळणी. त्यात तुझ्या पोराची दोन वर्षांची बाकी आहे.

मामा : देईल की! घे चावी, गल्लीत एक फेरी मार.

भाची : अठरा पूर्ण व्हायचेत अजून. पकडलं तर 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद.

मामा : तुला?

भाची : गाडीच्या मालकाला. 2019 च्या दुरुस्तीत आलंय ते. मला फक्त पंचविशीपर्यंत लायसन्स मिळणार नाही.

(मामा चावी खिशात घालतो.)

भाची : किती चालली आहे?

मामा : 38,000 किलोमीटर. फकस्त.

भाची : एवढ्या वर्षांत? दर पौर्णिमेला जोतिबा, अधूनमधून नरसोबाची वाडी, वर अख्ख्या भावकीची लग्नं. क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय.

मामा : मधी जरा मीटर बंद हुता.

भाची : जरा म्हणजे?

मामा : दोन इलेक्शनं. पर टायर बघ की. नवं हायत!

भाची : बाजूला 3217 छापलंय. 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. जे. सी. रोडला विचारून आले, चारांचे 16,000 होतील. लिहिते.

मामा : टायरवर जन्मतारीख असती व्हय?

भाची : अ‍ॅव्हरेज?

मामा : अठरा.

(मामा लोकांना अ‍ॅव्हरेज विचारू नये. ते घाट उतरतानाचं सांगतात.)

भाची : आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. 2023 च्या आधीच्या गाड्या एवढ्यासाठी बनवलेल्या नाहीत. मी चौदा धरते.

मामा : अगं, इथेनॉल म्हंजे आपलाच ऊस! घरचंच पितीया गाडी. आन् एक सांगतो, इतक्या वर्षांत एक क्लेम न्हाई. 50 टक्के नो क्लेम बोनस. तो तुला फुकट.

भाची : तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुझ्याबरोबर कोल्हापूरला परत जाईल. माझा विमा शून्यापासून. नुसता थर्ड पार्टी घेतला तरी 1,000 ते 1,500 सीसीला 3,416 रुपये, वर जीएसटी. आरसी दाखव. (वाचते.) मामा, यावर बँकेचं नाव आहे.

मामा : कर्ज कवाच फिटलं.

भाची : फिटलं, पण नाव उतरलं नाही. सातबाऱ्यावर बोजा राहतो तसं झालंय. बँकेचा दाखला, फॉर्म 35, मग तुमच्या आरटीओची एनओसी, ती घेऊन इथं नवी नोंदणी.

मामा : कशाला नोंदणी? एमएचवरच फिरव. कोण इचारतंय?

भाची : 12 महिन्यांच्या वर ठेवली तर करावीच लागते. आणि मग कर्नाटकाचा आजीवन कर. नव्या गाडीला 5 लाखांच्या आत 13 टक्के, 20 लाखांच्या वर 18. जुनीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण सुटत नाही.

मामा : आरं, बंगळूर शहाजीराजांची जहागीर! आन् आमच्या गाडीला इथं कर?

भाची : राजांच्या वरही विजापूर होतंच की. आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला कर परत मागता येतो. अर्ज तू करायचा, कोल्हापुरात.

मामा : म्हंजे मी आरटीओत?

भाची : तीन-चार चकरा. त्याआधी थकलेली चलनं भर. आजच बघितली, पाच आहेत. एक पुण्यातलं, झेब्रावर उभी केल्याचं. त्या दिवशी तू आईला फोनवर ‘पंढरपुरात आहे’ म्हणाला होतास.

(मामा स्वयंपाकघराकडे बघतो. आतून भांड्यांचा आवाज येतोय, वाचला.)

मामा : हळू बोल. बरं, ही गाडी न्हेणार कुठं तू? नेलमंगलापास्नं हितवर यायला दोन तास लागलं मला.

भाची : कॉलेजला मेट्रोनेच जाणार. गाडी रविवारी पहाटे, नंदी हिल्सला.

मामा : डोंगर बघायला दीड लाख?

भाची : तुझ्या जोतिबाला आजवर किती गेले, काढू हिशोब?

मामा : नको. (बराच वेळ गप्प.) जा, फुकट न्हे!

भाची : (बेरीज करत) फुकट धरली, तरी टायर, बॅटरी, विमा, कर, नोंदणी... आणि 2027 ला पंधरा वर्षं भरतात. लगेच फिटनेस तपासणी आणि फेरनोंदणी. परवडत नाही, मामा. इथलीच केए-05 ची बघते. एका हातातली, लहान इंजिनाची.

मामा : फुकट गाडी नको म्हणणारी पोरगी पैल्यांदा बघतोय. (उठतो, पुन्हा बसतो.) ऐक. कोल्हापुरात एक गिऱ्हाईक हाय. सुट्टीत ये. गाडी दाखवताना शेजारी बस, पर तोंड उघडायचं न्हाई.

भाची : विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मामा : म्हणूनच गप बस म्हणतोय.

भाची : गप्प बसायचे 5,000.

मामा : आन् बोलायचं?

भाची : ते गिऱ्हाईक देईल.