जाऊन आलेले

'मे महिन्यात आम्ही इटलीला...' एवढंच तुम्ही बोलता. वाक्य पुरं व्हायच्या आत समोरची प्लास्टिकची खुर्ची अर्धा फूट पुढे सरकते. "फ्लॉरेन्स आहे ना त्यात? तिकिटं काढली का?"

हा प्रश्न विमानाच्या तिकिटांबद्दल नसतो. विमान काय, कुणालाही नेतं. विचारणा असते ती घुमटाच्या तिकिटांची. विचारणारे गृहस्थ म्हणजे 'जाऊन आलेले'. हल्ली प्रत्येक सोसायटीत, ज्येष्ठांच्या प्रत्येक कट्ट्यावर आणि लग्नाच्या प्रत्येक पंगतीत ते एक तरी असतातच. नोकरीत असताना त्यांनी साहेबाला सल्ला दिला असेल असं वाटत नाही. निवृत्तीनंतर मुलाने युरोप दाखवला आणि चाळीस वर्षं साठलेले सगळे सल्ले एकदम मोकळे झाले.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधला. हे गृहस्थांना ठाऊक असतं, पण त्यांचा जीव त्यात नसतो. त्यांचा जीव 463 या आकड्यात असतो. "चारशे त्रेसष्ट पायऱ्या. लिफ्ट नाही. जिना एवढा." असं म्हणत ते दोन्ही हात छातीजवळ आणतात. "वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. ती चुकली की गेली. बाबांच्या गुडघ्यांचं काय करणार आहेस तू?" तुमचे बाबा शेजारीच बसलेले असतात. तोवर त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नसतं.

मग कार्यक्रम तपासला जातो. जाऊन आलेल्यांना तुमचा कार्यक्रम दाखवू नये, तरीही तो दाखवला जातोच. चष्मा कपाळावरून नाकावर येतो, बोट तारखांवरून फिरतं आणि एका ओळीवर थांबतं. "सोमवार!" पुढे बराच वेळ कुणी बोलत नाही. सोमवारी उफिझी बंद असतं आणि अकादेमियाही बंद असतं, म्हणजे बोत्तिचेल्लीची व्हीनस नाही आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडही नाही. घरी बसून स्वतः आखलेला प्रत्येक मराठी कार्यक्रम सोमवारीच फ्लॉरेन्सला कसा पोचतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

डेव्हिडच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे तोडगा असतो. खरा पुतळा 1873 मध्ये आत नेला. पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या मुख्य चौकात 1910 पासून त्याची प्रतिकृती उभी आहे. शिवाय नदीपलीकडे टेकडीवर, पियाझ्झाले मिकेलांजेलोत, ब्राँझचा आणखी एक आहे. "तिथून अख्खं गाव दिसतं, आणि फुकट. फोटोत कुणाला कळतंय खरा कुठला ते?" स्वतः ते तिन्ही ठिकाणी जाऊन आलेले असतात. बिनतिकिटाच्या दोघांबद्दल ते जास्त आपुलकीने बोलतात.

पैसे वाचवणं हा त्यांचा खरा व्यासंग. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायची, टेबलाशी बसलं की भाव वाढतो. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर भांडायचं नाही, तो बसल्याचा आकार असतो आणि मेन्यूवर आधीच छापलेला असतो. हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा द्यावा लागतो. आइस्क्रीमचे रंगीत डोंगर रचलेले दिसले तर पुढे चालू लागायचं. पिस्त्याचं जेलातो मळकट हिरवं असेल तरच घ्यायचं. आणि पाणी! मुख्य चौकात पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही, पैसे न देता. हे सांगताना त्यांचा आवाज कातर होतो. सिस्टिन चॅपेलबद्दल बोलताना तो तसा झालेला मी ऐकलेला नाही.

खाण्याचा विषय काकूंकडे असतो. टस्कनीतला पाव अळणी असतो, म्हणून दाण्याची चटणी न्यावी. प्रत्येक जाऊन आलेल्यांच्या कथेत एक वेटर असतो आणि तो चटणी मागून घेतो. शाकाहाऱ्यांनी रिबोलिता मागवावी. शिळा पाव, काळा कोबी आणि पांढरा घेवडा घालून शिजवलेलं ते दाट सूप म्हणजे काकूंच्या मते फोडणीची पोळीच, फक्त पातळ. वरून पार्मेजान किसून मिळतं. ते करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, ही माहितीही काका शाकाहाऱ्यांना आवर्जून देतात. तुम्ही परत आल्यावर.

न्हाणीघराबाबतचा सल्ला बायका आत गेल्यावर, आवाज उतरवून दिला जातो. "डबा-बिबा नेऊ नकोस. बाकी युरोपात कागदावर भागवावं लागतं, पण इटलीत तसं नाही." तिथे 1975 च्या सरकारी नियमाने प्रत्येक घराच्या एका तरी न्हाणीघरात बिडे असणं सक्तीचं केलं आहे. काकांच्या मते युरोपीय संस्कृतीचा हा कळस आहे, आणि रेनेसाँचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो.

एका विषयावर मात्र ते हळवे आहेत. "गाडी भाड्याने घेऊ नकोस," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघतात. फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी आहे. नाक्यावर पोलीस नसतो, फक्त एक पाटी आणि एक कॅमेरा असतो. गाडी शिरली की नंबराचा फोटो निघतो, आणि जितक्या वेळा शिरली तितके वेगळे दंड होतात. भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि कळवण्याचेही पैसे लावते. ट्रीपचे फोटो दाखवून संपले, पाहुण्यांना वाटलेली चॉकलेटं संपली, की काही महिन्यांनी टपालाने इटालियन पत्रं यायला लागतात. "आमच्या एका ओळखीच्यांना हॉटेल सापडेना, म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी पाच फेऱ्या मारल्या." या ओळखीच्यांचं नाव काका सांगत नाहीत. काकू आतून सांगतात.

बाजाराबद्दलचा सल्ला थोडक्यात आटपतो. फुटपाथवर चादर पसरून विकायला ठेवलेल्या बड्या नावांच्या नकली पर्सा घेऊ नयेत, कारण तिथे घेणाऱ्यालाही दंड होतो. हे ऐकून काकू का गप्प होतात ते विचारू नये.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, व्हीनस कशी वाटली?"

"व्हीनस ना? पाहिली की. सव्वाआठचा स्लॉट घेतला होता आम्ही."

यावर हसणं सोपं आहे. पण रेनेसाँवर बोलणारे पुष्कळ भेटतात. 463 पायऱ्या चढण्याआधी लघवीला जाऊन ये, असं सांगणारा माणूस हा एकच. त्यांचा एकही सल्ला खोटा निघत नाही. आणि अशा पाहुण्यांची सोय तिथे फार आधी झालेली आहे. मेदिची घराण्यातल्या आना मारिया लुइझाने 1737 च्या करारात लिहून घेतलं, की घराण्याच्या कलावस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नयेत. कारणांमध्ये परक्या मुलखातल्या लोकांचं कुतूहल जागं व्हावं, हेही होतं. काकांचं कुतूहल पाण्याच्या नळापाशी जागं झालं. त्याला बाईसाहेब काय करणार?

त्यांच्या यादीत एक जागा मात्र नसते, आणि ही एक तक्रार मला नोंदवायचीच आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला, त्या संगमाजवळ, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. चार्ल्स फुलर या शिल्पकाराचं ते काम 1874 मध्ये पुरं झालं. गावकरी त्याला 'इंदियानो' म्हणतात, आणि शेजारी 1978 मध्ये झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलं आहे.

तेव्हा फ्लॉरेन्सला जाल तेव्हा काकांचं सगळं ऐका, पण अर्धा दिवस राखून ठेवा आणि चांगले बूट घाला. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि पुतळा अगदी शेवटाला आहे. तिथे तिकीट नाही, रांग नाही, स्लॉट नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि सोमवारीही जाता येतं.